आजीच्या नऊवारीला कात्री लावायच्या आधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत जुन्या साड्यांवर पानभर लेख होता, फोटो छान होते, पण त्यातला एक सल्ला वाचून राहवलं नाही म्हणून हे लिहितेय. सल्ला असा, की आजीची जुनी नऊवारी कपाटात नुसती पडून असेल तर ती टेलरकडे द्या, मापं द्या, काष्टा शिवून घ्या, मग पाच मिनिटांत तयार होता येतं, आणि उरलेल्या तुकड्यांत बटवा नाहीतर छोटीला फ्रॉक होतो. सणांच्या तोंडावर हे छापून आलंय, म्हणजे आता किती घरातल्या ट्रंका उघडल्या जातील आणि त्यातलं काय काय टेलरच्या टेबलावर जाईल या विचाराने मला खरंच अस्वस्थ झालं. माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, आजीच्या हातमागाच्या नऊवारीला कात्री लावू नका, ती नेसायला शिका. वाटतं तेवढं ते अवघड नाहीये, आणि कसं नेसायचं ते मी पुढे लिहितेच आहे.

आधी एक स्पष्ट सांगते, शिवलेल्या नऊवारीला माझा विरोध अजिबात नाही. ढोल-ताशा पथकातल्या मुली भर उन्हात तासन् तास कमरेला ढोल बांधून वाजवतात, गॅदरिंगला एका वेळी वर्गभर मुलींना तयार करायचं असतं, दोन नाचांच्या मध्ये कपडे बदलायचे असतात, तिथे शिवलेलीच सोयीची. त्यासाठी तुळशीबागेत, लक्ष्मी रोडला, रविवार पेठेत हवं तेवढं नवं कापड मिळतं, तयार शिवलेली मिळते, भाड्यानेही मिळते. ते कापड त्याच कामासाठी आणलेलं असतं, खुशाल कापा. प्रश्न ट्रंकेतल्या साडीचा आहे, कारण ती परत मिळत नाही.

त्या ट्रंकेत नक्की काय असतं ते बघा ना. पुण्या-साताऱ्याकडच्या घरांत जी जुनी नऊवारी निघते ती बरेचदा इरकल असते, नाहीतर नारायणपेठ, एखादी काळी चंद्रकळा, आणि घरात थोडी सुबत्ता असेल तर पैठणी. इरकल येते कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावाहून. अस्सल जुनी असेल तर तिचं अंग सुती आणि पदर लाल रेशमी, त्यात पांढरी नक्षी, आणि हे दोन्ही नंतर शिवून जोडलेलं नसतं बरं का, अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे मागावरच एकेक करून एकमेकांत अडकवतात आणि मग पुढे विणतात, त्यामुळे एवढा सगळा खटाटोप प्रत्येक साडीसाठी नव्याने करावा लागतो. पैठणीच्या पदरात तर मोराचा एकेक रंग वेगवेगळ्या धाग्याने हाताने भरलेला असतो, म्हणून हातमागाची चांगली पैठणी उलटी करून बघितली तर मागे लोंबते धागे दिसत नाहीत, नक्षी दोन्हीकडून सारखीच दिसते. पैठणला आणि येवल्याला आजही अशी विणतात आणि पदर भरगच्च असेल तर एका साडीला महिने जातात. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं याचं आपण कौतुक केलं, आणि तीच पैठणी घरात जुनी झाली की तिचे तुकडे करायला आपल्याला काही वाटत नाही, हे मला पटत नाही.

आमच्याच सोसायटीतल्या एका मुलीने मेंदीच्या कार्यक्रमाला हवी म्हणून पणजीची इरकल शिवायला दिली. टेलरने त्याच्या पद्धतीने नीटच शिवली, त्याला नावं ठेवायची नाहीत मला. ती एकदा घातली, फोटो काढले, आणि मग बाळंतपणानंतर ती कमरेत बसेना. तिच्या आईला ती होत नाही, धाकटी बहीण उंच, तिला आखूड होते. पायाचे भाग कापताना काठ मध्येच तुटलाय, त्यामुळे उसवून परत जोडली तरी साडी म्हणून ती आता होणार नाही असं रफूवाल्यानेही सांगितलं. पणजी नेसली, आजी नेसली, आईने एकदोन मंगळागौरींना नेसली, आणि चौथ्या पिढीत एका संध्याकाळीत ती साडी संपली.

न कापलेल्या नऊवारीला माप नसतं हे आपण विसरतोय. तेच कापड बारीक पोरीला होतं, तेच सातव्या महिन्यातल्या बाईला होतं, तेच सत्तरीतल्या आजीला. वजन वाढलं तर दोन निऱ्या कमी येतात, घटलं तर दोन जास्त, एवढाच फरक. एखादीला वाटलं यंदा काष्टा नको, गोल नेसते, तर तसंही करता येतं, घोळ जास्त होतो पण नेसता येते. टेलरच्या मापाने शिवली की ती फक्त एका कमरेची आणि एका उंचीची होते, आणि तीसुद्धा कमर तेवढीच राहिली तर.

कोणी म्हणेल की आधीच्या बायका काय कात्री लावत नव्हत्या का? लावत होत्या की. लुगडं बसण्या-उठण्याच्या जागी विरलं की मधला विरलेला भाग कापून टाकायचा आणि चांगल्या भागांना दंड घालून, म्हणजे ते शिवून जोडून, परत अख्खं लुगडं करायचं, हे घरोघरी होतं. ते अगदीच जीर्ण झालं की त्याची गोधडी, गोधडीतूनही उरलं तर पायपुसणं नाहीतर बाळाची दुपटी. पण त्या कापण्यामागे कापड आणखी काही वर्षं चालावं हा हिशोब होता, विरलेलं तेवढंच जायचं. धडधाकट साडीच्या मधोमध कात्री चालवायची हे त्यांना सुचलंच नसतं. जुनी खरी जरीची साडी तर फाटली तरी टाकायचे नाहीत, जरीत चांदी असायची, जुनी जरी घेणारे दारावर यायचे आणि वजनावर पैसे द्यायचे.

आता नेसायचं कसं. घरागणिक पद्धत बदलते, मी आमच्या घरातली सांगतेय, पुण्यात ब्राह्मणी म्हणतात त्या धाटणीची. आत परकर लागत नाही, हल्लीच्या मुलींनी मांड्यांपर्यंतची घट्ट शॉर्ट नाहीतर लेगिंग घालावी म्हणजे मन निर्धास्त राहतं. पहिल्यांदा शिकताना रेशमी घेऊ नका, ते सुळकन निसटतं. धुवून मऊ झालेली सुती नऊवारी घ्या, ती अंगाला धरून राहते आणि चुका पोटात घेते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, ते बघून घाबरायला होतं, पण त्यातलं बरंचसं निऱ्यांत जातं.

साडी पाठीमागून कमरेला घ्यायची आणि दोन्ही बाजू पुढे आणायच्या. पदराची बाजू लांब, भरपूर लांब, आणि दुसरी बाजू छोटी, साधारण हात दीड हात पुरेशी. दोन्हीचे वरचे काठ चिमटीत धरून पोटावर, बेंबीच्या जरा खाली, घट्ट गाठ मारायची. या गाठीवर सगळी साडी उभी असते त्यामुळे इथे घाई करायची नाही, श्वास घेता आला पाहिजे पण दोन बोटं सहज आत जाता कामा नयेत. गाठ जमत नसेल तर सुरुवातीला कमरेला सुती नाडी बांधा आणि तिच्यात खोचत जा, त्यात कमीपणा काही नाही.

मग पदर. हे बऱ्याच जणी शेवटी करतात आणि तिथेच फसतात, निऱ्या आधी घातल्या की पदराला कापड उरत नाही. लांब बाजू पाठीमागून फिरवून उजव्या काखेखालून पुढे घ्या आणि डाव्या खांद्यावर टाका, पदर मागे गुडघ्याच्या खाली येईल एवढा सोडा, डोक्यावरून किंवा दोन्ही खांद्यांवरून घ्यायचा असेल तर अजून थोडा. तो खांद्यावर एका पिनेने अडकवून ठेवा. आता गाठ आणि पदर यांच्यामध्ये जे सैल कापड लोंबतंय त्याच्या निऱ्या. वीतभर रुंदीच्या, एकसारख्या, सगळ्यांचे खालचे काठ एका रेषेत. वरचं केळं, म्हणजे निऱ्यांचा वरचा जुडगा, एकत्र धरून गाठीवर मधोमध आत खोचायचं. पाचवारीच्या निऱ्या येत असतील त्या बाईला इथे काही नवीन नाही, फक्त निऱ्या जास्त आहेत.

राहिला काष्टा, ज्याला सगळ्या घाबरतात. पाय थोडे फाकवून उभं राहायचं, गाठीजवळच्या छोट्या बाजूचा खालचा काठ घोट्यापाशी मधोमध पकडायचा आणि दोन पायांमधून मागे न्यायचा. मागे नेल्यावर त्या काठाच्या बारीक चुण्या घालत जायच्या, काठ वर दिसला पाहिजे, आणि बरोबर कण्याच्या रेषेत कमरेला खोल खोचायचा. खोचताना थोडं गुडघ्यात वाकून खोचा, सरळ उभं राहून घट्ट ओढून खोचलं की बसताना तो हमखास सुटतो, आणि मग लोक म्हणतात नऊवारी राहत नाही अंगावर. पुढच्या निऱ्या पायात येत असतील तर त्या अर्ध्यावर उचलून कमरेला खोचायच्या, तो झाला ओचा. मग एकदा मांडी घालून बसा, उठा, जिना चढा-उतरा, जिथे ओढ बसते तिथे सैल करा, जिथे लोंबतंय तिथे आत घ्या. पहिल्या वेळी अर्धा पाऊण तास लागेल, सवय झाली की दहा-पंधरा मिनिटांत होते. आरशापेक्षा जवळ उभी असलेली दुसरी बाई जास्त उपयोगाची, काष्ट्याचा काठ सरळ आलाय का हे तिलाच दिसतं.

आमच्या वर्गातल्या मुली (कोथरूडात आम्ही काही जणी मिळून सणांच्या आधी हे फुकट शिकवतो) लाजत लाजत एक प्रश्न नेहमी विचारतात, वॉशरूमला कसं जायचं. विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. नेसलेल्या साडीत मागचा काष्टा सोडायचा आणि परत खोचायचा, गाठ आणि निऱ्या जागच्या जागी राहतात. शिवलेली मात्र हुक काढून पूर्ण उतरवावी लागते आणि गर्दीच्या कार्यालयात ते जास्त अवघड असतं, अनुभव असलेल्या कोणालाही विचारा.

आणि चालता येत नाही, पळता येत नाही म्हणणाऱ्यांनी ज्येष्ठात पालख्या पुण्यात येतात तेव्हा नाना पेठेत, भवानी पेठेत जाऊन बघावं. माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडला जाणाऱ्या कितीतरी माळकरी आज्या नऊवारीत असतात, डोक्यावर तुळस नाहीतर गाठोडं, तो पुणे-सासवडचा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपासचा आहे आणि पुढे पंढरपूरपर्यंतची वाट आहेच. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. सिंधुताई सपकाळ आयुष्यभर नऊवारीत वावरल्या, परदेशात गेल्या, २०२१ चा पद्मश्री घेतला तोही नऊवारीतच. यांच्या साड्यांना कुणी हुक लावले नव्हते.

अजून एक खंत. शिवलेल्या नऊवारीमुळे सगळ्या महाराष्ट्राची एकच साडी होत चाललीय. दुकानात गेलं की पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी अशी नावं लावलेले तीन-चार ठरलेले प्रकार दिसतात, नावं मोठी पण कापणी सगळ्यांची जवळपास सारखीच. प्रत्यक्षात कोळणीची साडी गुडघ्यापर्यंत, पायाला घट्ट, कारण तिला पाण्यात उतरायचं असतं आणि टोपली उचलायची असते. मावळात, मुळशीत भातलावणीला चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईचा काष्टाही वर, पोटऱ्या उघड्या. मराठा घरांत ती पायघोळ आणि सैल, पदर डोक्यावरून. गोव्यातली कुणबी बाई खांद्यावर गाठ मारून नेसते. जरा लांब गेलं तर तमिळ ब्राह्मण बायकांची मडिसार नऊ वारांचीच, पण तिचं वळण वेगळं, आणि कूर्गमध्ये पाचवारीच्या निऱ्या मागे जातात. साडी कुठे घट्ट, कुठे सैल, कुठपर्यंत लांब, हे त्या त्या बाईच्या कामाने आणि हवेने ठरवलंय, आणि ते ज्ञान त्या त्या गावच्या आज्यांच्या हातात आहे. यूट्यूबवर व्हिडिओ पुष्कळ आहेत, काही चांगले आहेत, पण बहुतेक एकाच पद्धतीचे. भोरच्या किंवा जुन्नरच्या आजीने कसं नेसायचं ते दाखवलेलं मला तरी फारसं सापडलं नाही, आणि या बायका आता ऐंशीच्या पुढे गेल्यात.

ज्यांना नेसायची नाही त्यांनी निदान नीट ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत रेशीम घालू नका, ते गुदमरतं आणि ओल धरतं. जुन्या धुतलेल्या मऊ सुती धोतरात किंवा मलमलीत गुंडाळा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, जरी काळी पडते, त्यापेक्षा पुरचुंडीत लवंगा किंवा वाळवलेला कडुलिंबाचा पाला ठेवा. आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या ठिकाणी घाला, रेशीम कायम एकाच घडीवर राहिलं की तिथेच चिरतं, कितीतरी चांगल्या पैठण्या न वापरता नुसत्या घडीत फाटल्यात. पावसाळा संपला की एकदा सावलीत वारा द्या, कडक ऊन नको. साडी आधीच चिरली असेल, जागोजागी गेली असेल, तर मग तिचा काठ किंवा पदर नव्या कापडावर लावून घ्या, त्याला माझी काहीच हरकत नाही, ते वाचवणंच झालं. कापायच्या आधी हातात घेऊन उजेडासमोर धरा, कापड धड आहे की विरलंय ते लगेच कळतं.

संपादक महोदय, तुमच्याकडे काही मागणी आहे. कापून शिवण्यावर तुम्ही अख्खं पान दिलंत, तसं एक पान नेसण्याला द्या, टप्प्याटप्प्याचे फोटो आणि खाली साधी मराठी, जे कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवता येईल. गणपतीपर्यंत दर आठवड्याला एक पद्धत आली तर मावळ, भोर, जुन्नर, खेड असं फिरता येईल, तुमचे तालुक्याचे वार्ताहर आहेतच, त्यांच्या स्वतःच्या घरातच आज्या असतील. फोटोत आजीचे हात दिसू द्या, नुसती तयार झालेली मॉडेल नको. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर अथर्वशीर्षाला हजारो बायका जमतात, त्यांचा फोटो दरवर्षी पहिल्या पानावर येतो, यंदा त्यातल्या ज्या स्वतः नेसून आल्यात त्यांच्याशीही तुमच्या वार्ताहराने बोलावं. बाजीराव रोडच्या राजा केळकर संग्रहालयात जुन्या वस्त्रांचा संग्रह आहे, तिथे महिन्यातून एखाद्या रविवारी नऊवारी नेसायचं प्रात्यक्षिक ठेवता आलं तर शाळेतल्या मुलींना किती बरं पडेल, हे तुमच्या पानावरून सुचवलंत तर कोणीतरी ऐकेल, माझ्यासारखीने नुसता अर्ज करून होणार नाही.

आणि टेलरबंधूंनाही एक सांगणं आहे. गिऱ्हाईक जुनी साडी घेऊन आलं तर कात्री उचलायच्या आधी एवढंच विचारा की ही हातमागाची आहे का आणि घरात अजून कोणाला नेसायची आहे का. काम जाईल अशी भीती वाटत असेल तर नवं कापड सुचवा, शिलाई तेवढीच मिळेल. ब्लाऊज शिवायचाच असतो, खणाचा शिवा, इरकलीवर तोच शोभतो.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे